बहिणीची संमती आणि बहिणींची संमती

मागच्या मे महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे गावातले इंग्रजी कागद अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. बँकेची पत्रे, आखाती देशांतल्या कंपन्यांचे करार, कधी एखाद्या मुलाच्या व्हिसाचे कागद. हिच्या हातात चार पानांचा मसुदा होता. वडील वारले होते, आई त्यांच्या आधीच गेलेली. मागे एक भाऊ आणि तीन बहिणी. भाऊ कुवेतला. गावातले घर विकायचे घाटत होते आणि भावाने तिकडूनच वकिलाला मुखत्यारपत्राचा मसुदा करायला सांगितला होता.

"सर, बाकी सगळं समजलं," ती म्हणाली. "फक्त दुसऱ्या पानावर मी 'हो' कधी म्हटलं, ते समजत नाही."

दुसऱ्या पानावर एक वाक्य होते. भाऊ हे घर आपल्या बहिणींच्या संमतीने विकत आहे, असा त्याचा अर्थ. संमती कोणी दिली होती? थोरल्या आपांनी. त्याही फोनवर. मधलीला कोणी विचारलेच नव्हते आणि ही धाकटी तर माझ्यासमोर बसली होती. भावाने वकिलाला पाठवलेला व्हॉट्सअॅप निरोप तिच्याकडे होता. त्यात त्याने घाईघाईत 'सिस्टर्स कन्सेंट' एवढेच लिहिले होते, कुठलेही चिन्ह न घालता. टाइप करणाऱ्याने ते चिन्ह आपल्या समजुतीने घातले आणि 'एस'च्या नंतर घातले. एका बहिणीच्या होकाराचा तीन बहिणींचा होकार झाला.

यात कोणाचा कट होता असे मला वाटत नाही. भाऊ भला माणूस आहे. टाइप करणाऱ्याला तर या घरात किती बहिणी आहेत हेही माहीत नसावे. पण म्हणूनच ही गोष्ट लिहावीशी वाटली. शाळेत ज्या चिन्हाला आपण अर्ध्या गुणाचेही समजत नाही, ते कागदावर गेले की माणसे मोजू लागते.

आधी व्याकरण थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. मराठीत मालकी दाखवायला आपण चा, ची, चे लावतो. इंग्रजीत नामानंतर अपॉस्ट्रॉफी आणि 'एस' येतो. मालक एक असेल तर अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी: सिस्टर’स, म्हणजे बहिणीचा. मालक अनेक असतील आणि त्या अनेकवचनाच्या शेवटी 'एस' असेलच, तर दुसरा 'एस' न लावता नुसता अपॉस्ट्रॉफी शेवटी: सिस्टर्स’, म्हणजे बहिणींचा. आणि चिन्हच नसेल तर तो नुसता अनेकवचनी शब्द: सिस्टर्स, म्हणजे बहिणी. काही अनेकवचनांच्या शेवटी 'एस' नसतो. तिथे अपॉस्ट्रॉफी पुन्हा 'एस'च्या आधी येतो: विमेन’स, चिल्ड्रन’स. म्हणजे नियम एकच. आधी मालकाचा शब्द पुरा लिहा, एक असेल तर एकवचनात, अनेक असतील तर अनेकवचनात. मग त्याला चिन्ह लावा. चुका होतात त्या मालक कोण हे न ठरवताच चिन्ह लावायला धावल्यामुळे.

खरी अडचण कानाची आहे. सिस्टर्स, सिस्टर’स आणि सिस्टर्स’ या तिन्हींचा उच्चार इंग्रजीत अगदी एकच. देवनागरीत लिहिताना मी चिन्ह जपून ठेवतो आहे म्हणून तुम्हाला फरक दिसतो. मोठ्याने वाचलेत तर तो तुम्हालाही ऐकू येणार नाही. एक बहीण की तीन, हे इंग्रजीत त्या शब्दापुरते फक्त कागदावर कळते. फोनवर सांगितलेला मजकूर टाइप करणारा माणूस ऐकून लिहीत नसतो, अंदाजाने लिहीत असतो.

हे चिन्ह इंग्रजीतही जुने नाही. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखाच नामाला षष्ठीचा प्रत्यय लागे. पुढे त्यातला स्वर गळाला. अपॉस्ट्रॉफी सोळाव्या शतकात गळलेल्या अक्षराची खूण म्हणून आला, एका मालकासाठी तो सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला आणि अनेक मालकांसाठी 'एस'च्या नंतर लावण्याची पद्धत अठराव्या शतकात बसली. म्हणजे ज्याला आपण अढळ नियम समजतो तो जेमतेम अडीचशे वर्षांचा. शिवाय इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी तो नेहमी पाळला असेही नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून अपॉस्ट्रॉफी काढून टाकायचे ठरवले. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांच्या साखळीने २०१२ मध्ये आपल्या नावातला अपॉस्ट्रॉफी सोडला. इंग्लंडमध्ये एका निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. वयाच्या ९६ व्या वर्षी, २०१९ मध्ये, त्यांनी हार मानून ती बंद केली.

मग आपण कशाला त्याची चिंता वाहायची, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. बाजारात 'लेडीज टेलर'च्या पाटीवर अपॉस्ट्रॉफी कुठेही असला किंवा नसला, तरी झंपर चुकीच्या मापाचा शिवला जात नाही. बॉइज होस्टेलच्या फलकावर तो चुकला तर तिथे एकच मुलगा राहतो असे कोणी समजत नाही. अशा पाट्यांचे फोटो काढून हसणाऱ्यांत मी नाही. आपली मुले तिसरी-चौथी भाषा म्हणून इंग्रजी शिकतात. घरात एक बोली, शाळेत मराठी किंवा उर्दू, मकतबात अरबी अक्षरे. त्यांच्या एका टिंबावर हसणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे.

पण मालकी, संमती आणि हिस्सा हे तीन शब्द जिथे येतात तिथे माझे मत बदलते. तिथे ते चिन्ह म्हणजे माणसांची मोजदाद असते.

ऑस्ट्रेलियातले एक प्रकरण सांगतो. २०२० मध्ये तिथल्या एका घरविक्री एजंटाने फेसबुकवर आपल्या जुन्या मालकाविषयी चार ओळी लिहिल्या. लाखमोलाची घरे विकतो, पण कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीचे पैसे देत नाही, असा आशय. 'एम्प्लॉईज' या शब्दात त्याने अपॉस्ट्रॉफी घातलाच नाही. मालकाने अब्रूनुकसानीचा दावा केला. लिहिणाऱ्याचे म्हणणे होते, मी फक्त माझ्या स्वतःच्या पैशांविषयी बोलत होतो, म्हणजे एका कर्मचाऱ्याच्या. २०२१ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळून लावायला नकार दिला. न्यायाधीशांचा तर्क सरळ होता. एका माणसाचे पैसे राहिले तर ती चूक किंवा अडचण म्हणता येईल. अनेकांचे राहिले तर ती मालकाची रीत ठरते. आरोपाचे वजन बदलते. पोस्ट बारा तासांच्या आत काढून टाकली होती, तरी एका टिंबासाठी माणूस कोर्टात अडकला.

आपल्याकडे ही मोजदाद आणखी महत्त्वाची आहे, कारण आपला वारसा कायदा संख्येवर उभा आहे. सूरह निसामध्ये मुलींच्या हिश्शाची जी तरतूद आहे ती एकवचन आणि अनेकवचन यांत स्पष्ट फरक करते. मृताला मुलगा नसेल आणि मुलगी एकच असेल, तर तिला मालमत्तेचा अर्धा भाग. दोन किंवा जास्त मुली असतील, तर सगळ्यांना मिळून दोन तृतीयांश. अरबीत एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन अशी तीन वचने आहेत. दोनहून अधिक मुलींविषयीची शब्दरचना नेमक्या दोन मुलींना लागू होते का, यावर जुन्या फकीहांनी बारकाईने विचार केला, आणि बहुतेकांनी दोन मुलींनाही दोन तृतीयांशच दिले. एका वचनासाठी त्यांनी एवढी बुद्धी खर्च केली, कारण त्या वचनावर कोणाच्या तरी हक्काचे घर उभे होते.

आकडे मांडून पाहू. समजा एक माणूस वारला. कर्ज, दफनाचा खर्च वगैरे वजा जाता मागे २४ लाखांची मालमत्ता उरली. मागे पत्नी, एक मुलगी आणि एक सख्खा भाऊ. पत्नीचा आठवा भाग म्हणजे ३ लाख. मुलीचा अर्धा म्हणजे १२ लाख. उरलेले ९ लाख भावाला. आता मुली दोन आहेत असे धरा. पत्नीचे ३ लाख तसेच. दोन्ही मुलींचे मिळून १६ लाख, प्रत्येकीला ८. भावाला ५ लाख. इंग्रजी मसुद्यात 'डॉटर’स शेअर' लिहिले की चाचाच्या वाट्याला ९ लाख येतात. 'डॉटर्स’ शेअर' लिहिले की ५. मधले ४ लाख त्या चिन्हाच्या अलीकडे किंवा पलीकडे आहेत. अर्थात नुसत्या चिन्हाने कोणी वाटणी करत नाही, पुढे नावे आणि हिस्से लिहावे लागतात. पण पहिल्या पानावर चुकीने बसलेला शब्द शेवटच्या पानापर्यंत नक्कल होत जातो, हे कागद वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

माझ्या विद्यार्थिनीच्या घरात मुलगाही होता, म्हणून हिशेब वेगळा. मुलाला मुलीच्या दुप्पट. एक भाऊ आणि तीन बहिणी म्हणजे पाच भाग. भावाचे दोन, प्रत्येक बहिणीचा एक. आता गंमत पाहा. बहिणीचा हिस्सा एक पंचमांश, तो भावाच्या निम्मा. पण बहिणींचा हिस्सा तीन पंचमांश, तो भावापेक्षा जास्त! आपल्या मोहल्ल्यात बोलताना मात्र नेहमी पहिलेच वाक्य ऐकू येते. बहिणीचे काय, निम्मेच तर असते. या एकवचनात तिन्ही बहिणींच्या हक्काचे निम्म्याहून अधिक घर बसले आहे, हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. हिशेब करताना बहिणी एकवचनात येतात आणि संमती घेताना अनेकवचनात जातात. दोन्ही वेळा सोय घरातल्या पुरुषाची होते.

हे खापर फक्त इंग्रजीवर फोडून चालणार नाही. आपल्या मराठीत हेच काम एक टिंब करते. बहिणीची आणि बहिणींची, मुलाचा आणि मुलांचा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले जुने अनुस्वार काढून टाकले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा हा अनुस्वार ठेवला. तो उच्चारात आहे, म्हणून. मराठी माणसाला तीन बहिणी कानाने कळतात, ही आपली जमेची बाजू. मी वर्गात मुलांना हीच युक्ती सांगतो. आधी मराठीत म्हणा. मालकाच्या शब्दावर टिंब आले तर मालक अनेक. मग इंग्रजीत चिन्ह कुठे घालायचे ते पाहा.

पण ही युक्ती एका ठिकाणी फसते, आणि ते ठिकाण नेमके आपल्या घरातलेच आहे. मराठीत वडीलधाऱ्यांना आपण अनेकवचन देतो. अब्बांची टोपी, चाचांचे दुकान, आपांची संमती. टिंब आहे, पण माणूस एकच. ते टिंब आदराचे. समजा एखाद्या जुन्या वसीयतीत लिहिले आहे की, माझ्या थोरल्या भावांच्या मुलांना मालमत्तेचा एक तृतीयांश द्यावा. हे थोरले भाऊ एकच, ज्यांना लिहिणाऱ्याने मान दिला? की थोरले भाऊ दोन किंवा तीन, आणि त्या सगळ्यांच्या मुलांना द्यायचे? मराठी वाक्य दोन्ही सांगते. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. 'ब्रदर’स सन्स' म्हणजे एकाच भावाची मुले, 'ब्रदर्स’ सन्स' म्हणजे अनेक भावांची. भाषांतर करणारा परका असेल, घर त्याला माहीत नसेल, तर तो टिंब पाहून अनेकवचन करील. आपण मान म्हणून दिलेल्या टिंबाचे त्याच्या हातून वारस होतील. म्हणून अशा कागदात आदर बाजूला ठेवावा असे माझे मत आहे. मान फोनवर द्यावा, सलाम करताना द्यावा. वसीयतीत नाव लिहावे, नावापुढे वडिलांचे नाव लिहावे आणि आकडा लिहावा.

आणखी एक गोष्ट अनेकवचनी मालकी सांगत नाही. ती म्हणजे वस्तू सगळ्यांची मिळून आहे की प्रत्येकाची वेगळी. 'सिस्टर्स’ हाउस' म्हटले की घर एक आणि मालकिणी अनेक, एवढे कळते. कोणाचा किती भाग ते कळत नाही. दोन नावे जोडून येतात तेव्हा इंग्रजीला थोडी सोय आहे. सलमा अँड नसीम’स हाउस, असे शेवटी एकदाच चिन्ह घातले तर घर दोघांचे मिळून. सलमा’स अँड नसीम’स हाउसेस, असे दोन्ही नावांना चिन्ह घातले तर घरे वेगवेगळी. पण नुसत्या अनेकवचनी शब्दाला ही सोय नाही. वारसा कायद्यातले उदाहरण घ्या. मुले असतील तर पत्नीचा हिस्सा आठवा. एकापेक्षा जास्त पत्नी असतील तर त्या सगळ्यांचा मिळून आठवाच, तो त्यांच्यात सारखा वाटायचा. 'वाइव्ज’ शेअर' आठवा, हे बरोबर. त्याचे भाषांतर कोणी प्रत्येक पत्नीला आठवा असे केले, तर बाकी सगळ्यांचे हिस्से बिघडले. म्हणून नुसत्या चिन्हावर थांबू नये. मिळून की प्रत्येकी, हे शब्दांत लिहावे.

आता जरा घराबाहेर येतो. आपल्याविषयी इंग्रजीत जे लिहिले जाते त्यात हे चिन्ह बहुतेक नसतेच. 'मुस्लीम व्होट', 'मुस्लीम व्होट बँक', 'मुस्लीम माइंड'. इथे 'मुस्लीम' हा शब्द विशेषणासारखा पुढे चिकटवलेला असतो. मालक नाही, म्हणून किती मालक हा प्रश्नही नाही. त्याऐवजी 'मुस्लिम्स’ व्होट्स' असे लिहून पाहा. लगेच मते अनेक होतात आणि ती देणारी माणसेही अनेक होतात. कोकणातला खलाशी, मालेगावचा यंत्रमाग कामगार, सोलापूरची विडी वळणारी बाई, मुंबईचा टॅक्सीवाला, अशी वेगवेगळ्या पोटापाण्याची, वेगवेगळ्या मतांची माणसे दिसू लागतात. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाचे शीर्षकही भारताच्या मुस्लीम समुदायाचा दर्जा असे एकवचनी आहे. आत मात्र राज्याराज्यांतले, स्त्री-पुरुषांमधले आणि मुसलमानांमधल्या वेगवेगळ्या गटांतले फरक मांडले आहेत. शीर्षक वाचणारे लाखो आणि आतले तक्ते वाचणारे थोडे, हे आपले दुर्दैव.

आपल्याला कोणी असे एका गाठोड्यात बांधले की राग येतो. यायलाच हवा. मी स्वतः अशा बातम्यांवर वैतागून बोललो आहे. पण त्या मसुद्याच्या दुसऱ्या पानावर मला जाणवले की, बाहेरचे आपल्याशी जे करतात तेच आपण घरात बहिणींशी करतो. 'बहिणींची संमती आहे', 'घरातल्या बायकांना काही हरकत नाही', 'मुलींचे समजूतदारपणाचे आहे'. ही सगळी गाठोडीच. त्यात किती जणी आहेत, त्यांची नावे काय, प्रत्येकीला वेगळे विचारले का, हे कोणी सांगत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा काढला. दलवाईंशी आपले मतभेद असतील किंवा नसतील, पण त्या मोर्चाची आठवण निघाली की सगळे संख्या सांगतात: सात. सातच, असे हिणवणारेही मोजतात आणि अभिमान बाळगणारेही मोजतात. त्या बायका एकेक करून घराबाहेर पडल्या होत्या, म्हणून त्या मोजता येतात. ज्यांच्या वतीने दुसराच कोणी बोलतो, त्यांची मोजदाद होत नाही.

कोणी म्हणेल, कायद्याने सहीशिवाय कोणाचा हिस्सा जात नाही. खरे आहे. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र लागते, ते नोंदवावे लागते, आणि जिने सही केली नाही तिचा हक्क नुसत्या एका वाक्याने बुडत नाही. मग एवढे मनाला लावून घ्यायचे कारण काय? कारण कोर्टात जाण्याच्या खूप आधी कागद घरात फिरतो. 'आता लिहून झालंच आहे, तुझ्या एकटीसाठी पुन्हा सगळं बदलायचं का', 'भाईजान तिकडे परदेशात, त्यांना किती त्रास द्यायचा'. कागदावर आधीच असलेला होकार हा तोंडच्या नकारापेक्षा जड असतो. पुढे येणारी सही मग त्या होकाराची फक्त पावती ठरते. बहुतेक बहिणींचे हक्क कोर्टात हरत नाहीत. ते ओटीवर, चहा घेताना, असे सुटतात.

राजीखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीही असतात. त्यात गैर काही नाही. भावाची परिस्थिती बेताची असते, माहेरचे दार उघडे राहावे असे वाटते, कधी नुसते प्रेम असते. पण सोडायला आधी आपले काय आहे ते कळावे लागते. ज्या गोष्टीवर आपले नावच नाही ती कोणी सोडू शकत नाही. 'बहिणींच्या संमतीने' या शब्दांत कोणाचेच नाव नसते, म्हणून त्यात खरे दानही नसते.

माझे म्हणणे फार मोठे नाही. इंग्रजीत कागद आला की मालकी दाखवणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: किती जण? उत्तर एक असेल आणि चिन्ह 'एस'च्या नंतर असेल, तर थांबा. उत्तर अनेक असेल आणि चिन्ह आधी असेल, तरी थांबा. विमेन’स आणि चिल्ड्रन’स हे अपवाद तेवढे लक्षात ठेवा. चिन्हच नसेल तर लिहिणाऱ्याला विचारा, स्वतः अंदाज करू नका. शक्य असेल तिथे अनेकवचनी मालकी काढून नावे घाला. 'बहिणींचा हिस्सा' याऐवजी अमुकचा एक पंचमांश, तमुकचा एक पंचमांश, असे लिहा. कागद चार ओळींनी वाढेल. वाढू द्या. आणि शिक्षक मित्रांना विनंती, हा धडा शिकवताना 'बॉइज’ बुक्स' हे जुने उदाहरण खुशाल द्या, पण सोबत 'डॉटर्स’ शेअर' हेही द्या. नववीतल्या मुलीला कळू द्या की हे व्याकरण तिच्या घरात राहते.

त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून दुसरे पान बदलले. 'सिस्टर्स’ कन्सेंट' खोडले. त्या जागी थोरल्या आपांचे नाव लिहिले, कारण होकार त्यांचाच होता. खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या, मधलीसाठी एक आणि हिच्यासाठी एक. तिने त्याचा फोटो काढून भावाला कुवेतला पाठवला. रात्री त्याचा मला फोन आला. मी जरा सावधच होतो. तो म्हणाला, "सर, माझ्या ध्यानातच आलं नाही. मी मधलीला विचारतो."

त्याने तिला विचारले आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही. तिची ओळ मोकळी आहे, आणि ती भरेपर्यंत घर विकले जाणार नाही, असे भावानेच वकिलाला कळवले आहे.